ब्रिटनच्या इतिहासाला खरी कलाटणी कधी मिळाली? माझं मत १६९४ ला

खतावणी

ब्रिटनच्या इतिहासातली निर्णायक वर्षं सांगा म्हटलं की बहुतेकांची यादी ठरलेली असते. १०६६ ला नॉर्मंडीचा विल्यम आला, १२१५ ला मॅग्ना कार्टा ही राजाला वेसण घालणारी सनद, १५३४ ला आठव्या हेन्रीने पोपशी काडीमोड घेतला, १६४९ ला राजाचं मुंडकं उडवलं. मग एकदम वाफेचं इंजिन आणि दोन महायुद्धं. यादीबद्दल तक्रार नाही. पण त्यात १६९४ कधी नसतं, आणि ते वगळून पुढचा ब्रिटन समजतो असं मला वाटत नाही. त्या वर्षी बँक ऑफ इंग्लंड सुरू झाली.

जरा मागून येतो. इंग्लंडच्या राजांचं जुनं दुखणं एकच. लढायांची हौस दांडगी आणि तिजोरीत खडखडाट. जॉन राजाने १२०४ मध्ये नॉर्मंडी घालवली. ती परत मिळवायची म्हणून दहा वर्षं सरदारांना पिळून काढलं. १२१४ मध्ये बुव्हिनच्या मैदानात त्याच्या दोस्तांचं पानिपत झालं आणि पुढच्याच वर्षी सरदारांनी राजाला थेम्सकाठी रनिमीडच्या कुरणात आणून बसवलं. मॅग्ना कार्टाचं ३९ वं कलम, म्हणजे कायद्याशिवाय कोणाला कैद करायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जरा १२ वं कलम काढून बघा. राज्याच्या सल्लामसलतीशिवाय लष्करी पट्टी बसवायची नाही, असं त्यात आहे. सरदारांना बोचत होतं ते हे.

चार्ल्स पहिला याच वाटेने गेला. १६२९ ते १६४० त्याने पार्लमेंट भरवलंच नाही. मग पैसा आणायचा कुठून? तर जहाजपट्टी. युद्धाच्या काळात किनाऱ्यावरच्या गावांनी जहाजं किंवा त्यांच्या बदल्यात पैसे द्यायचे, अशी जुनी रीत होती. चार्ल्सने १६३५ पासून ती ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही अशा परगण्यांनाही लावली. जॉन हॅम्पडन या जमीनदाराने वीस शिलिंग भरायला नकार दिला. रक्कम त्याच्या दृष्टीने चिल्लर, भांडण तत्त्वाचं. बारा न्यायाधीशांपुढे खटला चालला आणि निकाल ७ विरुद्ध ५ असा राजाच्या बाजूने लागला. कागदावर राजा जिंकला. पण पाच न्यायाधीश राजाच्या विरोधात जाऊ शकतात हे सगळ्या देशाने पाहिलं, आणि वसुलीला तिथून गळती लागली. पुढचं यादवी युद्ध, खटला, ३० जानेवारी १६४९ ची कडाक्याची थंडी, कुडकुडलो तर लोक भ्यालो म्हणतील म्हणून राजाने अंगात घातलेले दोन सदरे, हे सगळं आपण वाचलेलं असतं.

१६६० ला राजेशाही परत आली, पण राजाची पत काही आली नाही. दुसऱ्या चार्ल्सने लंडनच्या सोनार-पेढीवाल्यांकडून भरमसाट कर्जं उचलली आणि जानेवारी १६७२ मध्ये सरळ हात वर केले. तिजोरीतून परतफेड बंद. काही पेढ्या कायमच्या झोपल्या. राजावर दावा कोण लावणार?

मग १६८८. हॉलंडचा विल्यम ५ नोव्हेंबरला टॉर्बेच्या किनाऱ्यावर फौज घेऊन उतरला. सासरा दुसरा जेम्स लढण्याआधीच पळाला, जाताना राजमुद्रा थेम्समध्ये फेकून गेला. फॅव्हरशॅमजवळ कोळ्यांनी त्याला पकडलं, अंगझडती घेतली, मोठी पंचाईत झाली. शेवटी त्याला फ्रान्सला 'निसटू' दिलं. पुढच्या वर्षीच्या हक्कांच्या कायद्याने पार्लमेंटच्या मंजुरीशिवाय कर नाही आणि शांततेच्या काळात खडी फौज नाही, हे लिहून घेतलं.

पुस्तकं इथे थांबतात. गंमत पुढे आहे. विल्यम इंग्लंडला आला तोच मुळी फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी लढायला नवं बळ हवं म्हणून. १६९० मध्ये बीची हेडला फ्रेंचांनी इंग्लिश-डच आरमाराला झोडपलं. नवं आरमार बांधायचं तर पैसा हवा, आणि १६७२ ची आठवण ताजी. अशा वेळी विल्यम पॅटरसन नावाच्या एका स्कॉटिश माणसाची योजना पुढे आली. १२ लाख पौंडांचं कर्ज, ८ टक्के व्याज. कर्ज देणाऱ्या लोकांचीच एक कंपनी करायची, तिला बँक म्हणायचं. आणि व्याजासाठी जहाजांच्या टनांवरचा व दारूवरचा कर पार्लमेंटने कायद्याने बांधून द्यायचा. बारा दिवसांत सगळी रक्कम उभी राहिली.

बदललं काय, तर कर्ज राजाचं राहिलं नाही, देशाचं झालं. राजा मेला, पळाला, बदलला तरी व्याज येणार. कारण ज्या पार्लमेंटने कर लावला तिथे कर्ज देणाऱ्यांचेच भाऊबंद बसलेले. त्या वेळी फ्रान्सची लोकसंख्या इंग्लंडच्या तिपटीहून जास्त होती, तरी १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईपर्यंतच्या सव्वाशे वर्षांत शेवटी दम फ्रान्सचाच तुटला. ब्रिटनला स्वस्त व्याजाने उसनं मिळत होतं आणि फ्रान्सला ते मिळत नव्हतं. १७८९ मध्ये सोळाव्या लुईने लोकप्रतिनिधींची सभा बोलावली ती दिवाळं निघायची वेळ आली म्हणूनच.

तुमचं वर्ष कोणतं? नुसतं वर्ष नको, कारणही द्या.

वाडीकर

वाचतोय. आपली मुंबई आंदण दिली तो हाच दुसरा चार्ल्स ना?

खतावणी

हो, तोच. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालच्या कॅथरीनबरोबर मुंबई आणि मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं टँजियर आले, शिवाय रोकड. त्याचा जीव रोकडीत होता. मुंबई सांभाळायचा खर्च परवडेना, म्हणून १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. टँजियरवर मात्र वीसेक वर्षं पैसा ओतला आणि १६८४ मध्ये तटबंदी सुरुंगाने उडवून सोडून दिलं. पैशाच्या बाबतीत गृहस्थाचं गणित कायम असंच.

तिरकमान

लेख आवडला, निष्कर्ष गळी उतरला नाही. १०६६ ला तुम्ही अर्ध्या ओळीत गुंडाळलंत. इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड, त्याने २५ सप्टेंबरला यॉर्कजवळ स्टॅमफर्ड ब्रिजला नॉर्वेच्या राजाला आडवा केला, आणि तीनच दिवसांनी विल्यम दक्षिणेत पेव्हन्सीला उतरला. दमलेली फौज घेऊन हॅरॉल्ड देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आला आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळ पडला. वारा दोन आठवडे उशिरा फिरला असता तर काय, यावर लोक रात्री घालवतात. तो भाग सोडा. मुद्दा नंतरच्या वीस वर्षांचा आहे. जुना इंग्लिश सरदारवर्ग जवळजवळ मुळासकट उपटला गेला. जमिनीचे मालक बदलले, बिशप बदलले, दरबारची भाषा बदलली.

आणि तुमच्याच हिशेबाच्या भाषेत बोलायचं तर १०८६ चं डूम्सडे घ्या, म्हणजे विल्यमने करवलेली देशाची मोजणीवही. कोणत्या गावात किती नांगर, किती गिरण्या, किती डुकरं पोसतील एवढं रान, १०६६ पूर्वी किंमत काय होती आणि आता काय, सगळं लिहून काढलं. त्या काळचा बखरकार वैतागून म्हणतो की एक गाय, एक डुक्करसुद्धा नोंदीतून सुटलं नाही. यॉर्कशरच्या पानांवर गावामागून गाव नुसतं 'उजाड' असा शेरा आहे. १०६९-७० च्या हिवाळ्यात विल्यमच्या फौजेने उत्तर जाळली, त्याची ही पावती.

राज्याला मोजता येत नसेल तर कर कसला लावणार आणि कराशिवाय तुमची बँक व्याज कुठून देणार? मोजणी, वसुली आणि त्याचा लेखा हे यंत्र १६९४ च्या साडेपाचशे वर्षं आधी उभं होतं. एक्सचेकरच्या, म्हणजे राजाच्या हिशेबखात्याच्या हिशेबकाठ्या कधी पाहिल्यात का? बाराव्या शतकातल्या एका अधिकाऱ्याने त्यांची रीत लिहून ठेवली आहे. हजार पौंडांना तळहाताच्या रुंदीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या फुगलेल्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. एक फाक भरणाऱ्याकडे, एक तिजोरीकडे. खोटेपणा करायचा तर दोन्ही फाकांवर एकाच जागी खाच पाडावी लागणार, आणि लाकडाची शीर जुळायला हवी. परगण्याची वसुली करणाऱ्या निरक्षर शेरीफलाही समजेल असा लेखा.

खतावणी

काठ्यांबद्दल लिहिलंत ते झकास. मग शेवटही सांगूनच टाका, नाहीतर मी सांगतो. या काठ्या १८२६ पर्यंत वापरात होत्या. बँक ऑफ इंग्लंड निघाल्यावरही सव्वाशे वर्षांहून जास्त! पुढे अडगळ झाली म्हणून १६ ऑक्टोबर १८३४ ला दोन गाड्याभर काठ्या पार्लमेंटच्या लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या. दिवसभर जाळत होते. दुपारी पाहुण्यांना सभागृहात बुटांतून जमीन गरम लागली, तरी कोणी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी पार्लमेंट पेटलं. आज जी इमारत फोटोत दिसते ती त्यानंतरची. वेस्टमिन्स्टर हॉल तेवढा वाचला. लाकूड गरिबांना सरपण म्हणून वाटलं असतं तर भागलं असतं, पण सरकारी माल ना.

तुमच्या मूळ मुद्द्यावर: मोजणीचं यंत्र होतं, कबूल. पण त्या यंत्रावर मालकी राजाची होती. मी मालकी बदलली तो क्षण धरतोय.

मुक्काम_एडिंबरो

पॅटरसनचं नाव घेतलंत आणि त्याची पुढची गोष्ट सोडून दिलीत, म्हणून लिहायला बसले. इकडे स्कॉटलंडमध्ये पॅटरसन म्हटलं की बँक ऑफ इंग्लंड कोणाला आठवत नाही, डॅरिएन आठवतं.

बँकेच्या संचालकांशी त्याचं वर्षभरात फाटलं. मग त्याने आपल्या देशबांधवांना दुसरं स्वप्न विकलं. पनामाच्या चिंचोळ्या पट्टीवर वसाहत करायची, दोन्ही महासागरांतला माल तिथून इकडे-तिकडे करायचा. नकाशावर कल्पना अव्वल होती, कालवा शेवटी त्याच पट्टीवर झाला. १६९५ मध्ये कंपनी ऑफ स्कॉटलंड निघाली. ईस्ट इंडिया कंपनीने आरडाओरडा केल्यावर लंडनचे भागधारक पळाले, तेव्हा स्कॉटिश लोकांनी इरेला पेटून ४ लाख पौंड एकट्याने उभे केले. सरदार, वकील, विधवा, नगरपालिका, सगळे त्यात. जुलै १६९८ मध्ये लीथ बंदरातून पाच जहाजं निघाली, बाराशेच्या आसपास माणसं घेऊन. विषुववृत्ताजवळच्या जंगलात विकायला बरोबर काय, तर लोकरी कापड आणि विग. ताप, हगवण, उपासमार. वर स्पॅनिश लोकांचा दावा, आणि तुमच्या लाडक्या विल्यमने इंग्लिश वसाहतींना ताकीद दिलेली की यांना मदत करायची नाही. तो स्कॉटलंडचाही राजा होता बरं का. पहिली तुकडी वर्षाच्या आत उठली. ते न कळल्यामुळे दुसरी तुकडी तिथेच जाऊन पडली, आणि १७०० मध्ये स्पॅनिश लोकांना शरण गेली. दोन हजारांच्या आसपास माणसं मेली. पॅटरसनची बायकोही त्यात गेली, तो स्वतः अर्धमेला परतला.

एवढ्याशा देशाची एवढी रोकड बुडाली तेव्हा १७०७ च्या स्कॉटलंड-इंग्लंड विलीनीकरणाचं गणित सोपं झालं. करारात इंग्लंडने ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग द्यायचे ठरले. स्कॉटलंड आता इंग्लंडच्या कर्जाच्या व्याजाला हातभार लावणार, त्याचा मोबदला. त्यातला मोठा हिस्सा डॅरिएनच्या भागधारकांना सव्याज परत. १ मे १७०७ ला ग्रेट ब्रिटन अस्तित्वात आलं. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात एडिंबरोच्या रस्त्यांवर दंगली चालल्या होत्या. इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात कंपनीची लोखंडी पेटी ठेवली आहे. झाकण उघडं असतं आणि आतल्या बाजूला सबंध झाकणभर कुलपाची यंत्रणा. चोरापासून पैसा राखायची केवढी ती तजवीज! पैसा गेला तो दरवाज्यातून, भागधारकांच्या टाळ्यांत.

त्या मोबदल्याच्या पैशांभोवती जी कंपनी झाली तिचीच १७२७ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड बनली. आणि २००८ मध्ये ती बँक कोसळल्यावर लंडनच्या सरकारने ४५ अब्ज पौंडांहून जास्त ओतून वाचवली. २०१४ च्या सार्वमताआधी इथे चहाच्या टेबलावर भांडण कशावरून होतं? स्वतंत्र झालो तर पौंड वापरता येईल का, आणि बँक बुडाली तर वाचवणार कोण. निकाल ५५ विरुद्ध ४५ टक्के लागला. तेव्हा माझं वर्ष १७०७, पण तुमच्या १६९४ चं ते शेपूट आहे हे खरं.

टपालहंशील

मुक्काम_एडिंबरो, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका हो. वाचनखूण साठवली.

कावेरी

सगळे राजे, सरदार आणि सावकार. माणसं कुठे आहेत यात? माझं वर्ष १३४८.

त्या उन्हाळ्यात डॉर्सेटच्या किनाऱ्यावर मेलकम नावाच्या बंदरात प्लेग उतरला आणि दीड वर्षात देशाची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. पुढे दोनशे वर्षं लोकसंख्या पूर्वीच्या आकड्याला पोचली नाही. जे मागे राहिले त्यांच्या आयुष्यात मात्र एक न घडलेली गोष्ट घडली. त्यांना मागणी आली. जमीनदाराची पिकं शेतात उभी आणि कापणीला माणूस नाही. मजूर म्हणायला लागला, दुप्पट देतोस का, नाहीतर शेजारच्या गावात चाललो. यावर सरकारचा उपाय काय, तर १३४९ चा वटहुकूम आणि १३५१ चा कायदा: साथीच्या आधी जी मजुरी होती तीच घ्यायची, जास्त मागाल तर दंड. जास्त देणाऱ्या मालकांनाही दंड होता, पण खोड्यात पाय कोणाचे अडकले ते सांगायला नको.

मग फ्रान्सशी लढायला पैसा हवा (बघा, आलात ना फिरून तुमच्याच मुद्द्यावर) म्हणून डोईपट्टी. १३७७, १३७९ आणि तिसऱ्यांदा १३८१ ची, पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाला एक शिलिंगाच्या हिशेबाने. १३७७ च्या आणि १३८१ च्या याद्या शेजारी ठेवल्या तर करपात्र लोकांपैकी तिसरा हिस्सा चार वर्षांत गायब. मेले नव्हते, घरोघरी लपवले होते. म्हाताऱ्या आया, लग्नाच्या मुली, कामाची पोरं, यादीत कोणी नाहीच! तपासायला अधिकारी पाठवले तेव्हा एसेक्स आणि केंट उठले. जून १३८१ मध्ये लोक लंडनमध्ये घुसले, राजाच्या काकाचा सॅव्हॉय राजवाडा जाळला, टॉवर या लंडनच्या किल्ल्यातून आर्चबिशप सायमन सडबरीला ओढून काढून त्याचं डोकं उडवलं. तोच राज्याचा चान्सलर, म्हणजे मुख्य मंत्रीही होता, पट्टी त्याच्या नावावर होती. त्याची कवटी आजही सफोकमध्ये त्याच्या गावच्या चर्चमध्ये जपून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी स्मिथफील्डला चौदा वर्षांच्या राजासमोर वॉट टायलरला मारलं आणि दिलेली सगळी वचनं मागे घेतली.

बंड चिरडलं गेलं हे खरं. तरी वेठबिगारी पुढच्या शंभर वर्षांत आपोआप विरून गेली, ती रद्द करणारा एकही कायदा न होता. बाकी युरोपात पूर्वेकडे याच साथीनंतर वेठ उलट घट्ट होत गेली. इंग्लंडमध्ये मजूर पैशावर काम करणारा, गाव सोडून जाणारा झाला. तो नसता तर पुढचे कारखाने कोणाच्या जिवावर चालले असते?

आणि डोईपट्टीला हात लावायचा नाही हा धडा ६०० वर्षं टिकला म्हणायला हरकत नाही. मध्ये अधूनमधून लावून पाहिली, पण खरा हात दाखवून अवलक्षण केलं ते पंतप्रधान थॅचरबाईंनी. आधी स्कॉटलंडमध्ये, मग १९९० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये. ३१ मार्चला ट्रॅफल्गर चौकात दंगल, नोव्हेंबरमध्ये बाई घरी.

मुक्काम_एडिंबरो

"आधी स्कॉटलंडमध्ये" हे इथले लोक अजून विसरलेले नाहीत :)

उलटसुलट

कावेरीताईंनी माणसं आणली ते बरं झालं. खतावणी, तुमच्या १६८८-१६९४ च्या आरतीत काही नावं राहिली.

पहिलं म्हणजे 'रक्तहीन क्रांती' हे बिरुद. तुम्ही ते वापरलं नाहीत, पण आयर्लंड गाळलंत म्हणजे तेच झालं. जेम्स तिकडे उतरला, जुलै १६९० मध्ये बॉइन नदीवर हरला, पुढच्या वर्षी ऑग्रिमला त्याहून मोठी कत्तल. त्यानंतर कॅथलिकांना जमीन, शस्त्र, शिक्षण, सरकारी नोकरी या सगळ्यांतून हद्दपार करणारे कायदे. तुमच्या पार्लमेंटच्या स्वातंत्र्याची ती दुसरी बाजू. उत्तर आयर्लंडमध्ये दर १२ जुलैला अजून मिरवणुका निघतात आणि पोलिसांच्या रजा रद्द होतात.

दुसरं. जेम्सच्या हाताखालच्या रॉयल आफ्रिकन कंपनीकडे गुलामांच्या व्यापाराची मक्तेदारी होती. राजा गेला, राजाची मक्तेदारी सैल झाली, आणि १६९८ मध्ये पार्लमेंटने हा धंदा सगळ्या इंग्लिश व्यापाऱ्यांना खुला केला. स्वातंत्र्य! ब्रिस्टॉल आणि नंतर लिव्हरपूल यांनी पुढच्या शतकात या धंद्यात इतकी मजल मारली की ब्रिटन त्यातला सर्वांत मोठ्यांपैकी एक झाला. राजाचा जाच नको म्हणणाऱ्यांनीच हे केलं.

तिसरं, जे मला सर्वांत लागतं. १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला. भरपाई दिली २ कोटी पौंड, सरकारच्या त्या वेळच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के. कोणाला? मालकांना. सुटलेल्या आठ लाख माणसांना छदाम नाही, उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी काही वर्षं फुकट राबायचं. पैसा उभा केला तुमच्याच पद्धतीने, कर्ज काढून. आणि ते कर्ज, पुन्हा पुन्हा नव्या कर्जात गुंडाळलेलं, २०१५ मध्ये फिटलं. हे ब्रिटिश अर्थखात्याने २०१८ मध्ये स्वतःहून अभिमानाने जाहीर केलं आणि मग लोकांनी फैलावर घेतल्यावर मजकूर काढून टाकला. म्हणजे जमैकातून लंडनला आलेला बसड्रायव्हर आपल्या पणजोबाच्या मालकाची भरपाई आपल्या पगारातून भरत होता.

राजा मेला तरी कर्ज जिवंत, असं तुम्ही कौतुकाने लिहिलंत. जिवंत होतं खरं.

खतावणी

उलटसुलट, कलाटणी म्हणजे चांगली गोष्ट असं मी कुठे म्हटलं? यंत्र जोरदार होतं एवढंच म्हणतोय. त्याच्या जोरावर काय काय केलं ही यादी लांब आहे, तुमचे तिन्ही मुद्दे तिच्यात बसतात, आणि आपल्याकडच्या कंपनी सरकारची सगळी करणीही. १६९८ चा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. पार्लमेंट कोणाच्या हातात होतं, ते त्यातून दिसतं.

दोन_आणे

या धाग्यावर कोणी विसावं शतक काढेना म्हणून मी काढतो. १९४५-४७. आणि हिशेबाच्याच अंगाने, कारण इथे आपला माणूस येतो.

युद्धाच्या काळात ब्रिटनने हिंदुस्थानातून धान्य, कापड, तंबू, बूट, फौजेचा खर्च, काय वाट्टेल ते घेतलं आणि पैसे रोख न देता लंडनमध्ये खात्यावर पौंड जमा करत गेला. इकडे त्या बदल्यात रुपये छापले गेले, महागाई भडकली, आणि १९४३ च्या बंगालमध्ये त्याची किंमत सर्वांत गरिबांनी मोजली. युद्ध संपलं तेव्हा खात्यावर सुमारे १३० कोटी पौंड हिंदुस्थानचे येणे निघत होते. जो देश पिढ्यान् पिढ्या लंडनचा ऋणको, तो धनको झाला. चर्चिलचं म्हणणं होतं की आम्ही यांचं रक्षण केलं, तेव्हा आमचंही उलट बिल लावा.

जुलै १९४४ मध्ये युद्धानंतरची जगाची पैशाची व्यवस्था ठरवायला अमेरिकेत भरलेल्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाने हा विषय काढला. त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, महाडजवळच्या नाते गावचे. आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ. श्रॉफ तिथे म्हणाले त्याचा अर्थ असा, की बँकेत दहा लाख डॉलर पडलेत पण टॅक्सीवाल्याला द्यायला सुटे नाहीत, अशी तुम्ही आमची गत करताय. ब्रिटिशांनी प्रश्न परिषदेबाहेर ठेवला. पुढे वाटाघाटी होऊन रक्कम हप्त्याहप्त्याने सुटली, आणि मधल्या १९४९ च्या पौंडाच्या अवमूल्यनाने तिची डॉलरमधली किंमत आणखी खाली आणली.

हे सांगायचं कारण, साम्राज्य सुटलं ते चळवळीमुळे, मुंबईत १९४६ मध्ये आरमाराच्या खलाशांनी केलेल्या बंडामुळे, की रिकाम्या तिजोरीमुळे, असा वाद नेहमी होतो. मी तिन्ही धरतो. पण तिजोरीचा पुरावा १९५६ मध्ये अगदी उघड्यावर आला. इजिप्तच्या सुएझ कालव्यासाठी फौजा उतरवल्या, पौंडाची पडझड सुरू झाली, अमेरिकेने सांगितलं आधी माघार मग मदत, आणि ब्रिटनने लढाई जिंकत असताना युद्ध थांबवलं. पंतप्रधान ईडन जानेवारीत गेले. १६९४ ला ज्या उसनवारीने चढले, तिनेच उतरवलं.

तिरकमान

शेवटचं वाक्य फार गोळीबंद झालंय, म्हणून संशय येतो. सुएझला अमेरिका आडवी आली ती आपलं राजकारण सांभाळायला. पौंड हे तिचं हत्यार होतं, कारण नव्हे.

दोन_आणे

हत्यार चाललं कारण जखम आधीची होती. बाकी मान्य.

वाडीकर

मग २०२२ चं पंतप्रधान लिझ ट्रसचं प्रकरण यातच बसतं का? कर्ज काढून करकपात जाहीर केली, चार-पाच दिवसांत सरकारी रोख्यांचे भाव कोसळले, पेन्शन फंड बुडायला लागले, बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावं लागलं आणि बाई दीड महिन्यात घरी. राजाचं मुंडकं उडवायला सात वर्षं यादवी लागली होती, इथे आठवड्याचं काम.

खतावणी

अगदी बसतं. १६९४ च्या करारातली दुसरी बाजू आहे ती. सरकारला स्वस्तात उसनं मिळेल, पण देणाऱ्याच्या तोंडाकडे बघून चालावं लागेल.

कावेरी

असं सरसकट मला पटत नाही. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त होतं. तरी जुलै १९४५ मध्ये लोकांनी युद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिलला घरी बसवून मजूर पक्षाच्या ॲटलीला ३९३ जागा दिल्या, आणि त्या सरकारने ५ जुलै १९४८ ला सगळ्या देशाला फुकट वैद्यकीय सेवा सुरू केली. त्याच काळात पाव रेशनवर होता, जो युद्धाच्या काळातही नव्हता! सावकारांच्या तोंडाकडे बघत बसले असते तर आरोग्यमंत्री ॲन्युरिन बेव्हनला एक दवाखाना उघडता आला नसता. तेव्हा लोक काय मागतात यालाही किंमत आहे, १३८१ ला होती तशी.

दोन_आणे

कावेरीताई, पण तेही अमेरिकेच्या ३७५ कोटी डॉलरवर. कर्ज १९४६ चं, २ टक्क्यांचं. एक वर्षाच्या आत पौंड खुला करायची, म्हणजे मागेल त्याला डॉलरमध्ये बदलून द्यायची अट त्यात होती, ती जुलै १९४७ मध्ये पाळली आणि पाच-सहा आठवड्यांत डॉलर इतके आटले की पुन्हा दार लावून घ्यावं लागलं.

कावेरी

हो, आणि तरीही पुढच्या वर्षी दवाखाने उघडलेच ना? अट सावकाराची मोडली, दवाखाने राहिले. ते कर्ज २००६ च्या डिसेंबरात फिटलं. सेवा अजून चालू आहे, कितीही रांगा लागल्या तरी.

उलटसुलट

ताई, तिथे सुरुवातीच्या वर्षांपासून परिचारिका वेस्ट इंडीज आणि आयर्लंडहून आणाव्या लागल्या, हेही लिहा. आणि त्यातल्या निम्म्यांचे पणजोबा माझ्या वरच्या प्रतिसादात आहेत.

कावेरी

लिहिते. वेगळा धागा काढते त्यावर, इथे खतावणींची बँक बुडेल.